बांधावरचे काटेचेंडू

प्रिय आत्याबाई,

शाळेत सासूला पत्र लिहिताना ‘तीर्थरूप’ घालायला शिकवलं होतं. पण तुम्ही असता तर म्हणाला असता, “त्ये तीर्थ-बिर्थ ऱ्हाऊ दे, काय झालंय त्ये सांग आदी.” तर सांगते. मला फार भीती वाटतेय.

तुम्हाला तर ठाऊकच नाही! मी पुन्हा पोटुशी आहे. तुम्ही गेलात गेल्या मार्गशीर्षात आणि मला दिवस राहिले चैत्रात. आता पौष चालू आहे आणि दिवस भरलेत. चिंगीच्या वेळी तुम्ही होता. साऱ्या महाळुंग्यातल्या बायका तुमच्या हाताखाली बाळंत झाल्या आणि नेमकी आता ह्या खेपेला तुम्ही नाही. हा काय न्याय झाला?

ठकूमावशी आत्ताच येऊन गेली. तुमच्यामागं सुईणपण तिच्याकडं आलंय. येताना खुरपं घेऊनच आली होती. माझ्या पोटावरून हात फिरवला, कंबर दाबून पाहिली आणि म्हणाली, “आज न्हाईतर उद्या हाय गं. उन्हं कलली की येते, मग बांधावरची मुळी काढू.” ती परत यायच्या आत मला तुमच्याशी बोलायचंय. दुसऱ्या कुणाशी बोलू? हे पिंपरीला. तिथं नवा कारखाना उभा राहतोय, त्याच्या बांधकामावर गवंड्यांच्या हाताखाली लागलेत, आठवड्यातून एकदा सायकल हाणत घरी येतात. घरात मामंजी आहेत, ओट्यावर बसून दोर वळतायत. पण मामंजींशी सून कशी बोलणार? इतक्या वर्षांत त्यांच्यापुढं कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही. ‘जेवायला वाढलंय’ हेसुद्धा मी चिंगीच्या तोंडून सांगते. आणि चिंगी आता जेवून झोपलीय.

तुम्ही मला भित्री भागूबाई म्हणायचात. होतेच मी तशी. लग्न होऊन आळंदीहून आले तेव्हा विहिरीत डोकावायची भीती, बैलाच्या पाठीमागून जायची भीती, आणि सगळ्यात जास्त भीती तुमच्या त्या बांधाची. सगळ्यांचे बांध कसे साफ, आणि आपल्या बांधावर कमरेएवढे काटे! त्या काट्यांत पांढरे-निळसर गोल चेंडू, आणि चेंडूचेंडूवर माश्या घोंघावतायत. मला वाटलं, ह्या बाईला बांध राखायला जमत नाही वाटतं. नवी सून होते, म्हणून बोलले नाही.

मग एका पावसाळ्यात मी तुम्हाला स्वतःच्या हातानं ते काटे पेरताना पाहिलं! पाटी कमरेला लावून तुम्ही मुठीमुठीनं काटेचेंडूचं बी बांधाच्या मुरमावर फेकत होता. उटकटारी म्हणतात काहीजण त्याला. पलीकडच्या शेतातून कुणीतरी ओरडलं, “म्हातारी काटं पेरतीया रं!” तुम्ही मागंही वळून पाहिलं नाही. मी मात्र लाजेनं चूर झाले.

त्याच दिवशी तुम्ही मला समजावून सांगितलंत. आपलं पोट कांद्याच्या बियावर. चाकणच्या बाजारात कांदा सगळेच आणतात, पण बियासाठी लोक आपल्या दारात येतात. बी धरायचं तर डेंगळ्यांवर, कांद्याच्या फुलदांड्यांवर, मधमाशी बसायला हवी. डेंगळे फुलतात माघात. आणि त्याच्या आधी?

“सोनकीची फुलं सरली, कारळं सरलं,” तुम्ही म्हणालात, “मंग डेंगळं फुलस्तवर माशीनं खायाचं काय? माती? उपाशी माशी घर सोडून जाती, सुभद्रे. मंग तू गोंड्या-गोंड्यावर बसनार हाईस का भुणभुण करत?”

मी हसले तेव्हा. मधल्या त्या उपाशी महिन्यांत फुलणारं, पाणी न मागणारं आणि शेरडांनी तोंड न लावलेलं झाड म्हणजे काटेचेंडू. विहिरीच्या कपारीतलं सातेरी माश्यांचं पोळं तुम्ही असं सांभाळलंत. कुणाला मध काढू दिला नाहीत. माश्यांची पंगत म्हणायचात त्या बांधाला.

त्याच झाडाची मुळी बायकांना हवी असायची. अडलेल्या बाईच्या केसांत ती बांधली की सुटका लवकर होते आणि मूल बाहेर आलं की लगेच सोडायची असते, हे तर इथल्या शेंबड्या पोरीलाही ठाऊक आहे. पण तुम्ही हिरवं झाड कधी उपटू दिलं नाहीत. बी झडलं, झाड वाळलं, की मग मुळ्या काढायच्या, धुवायच्या आणि जुडी करून आढ्याला टांगायच्या. वर्षभर पुरायच्या. माशीचं पोट भरायचं, बी मातीत पडायचं आणि बाईचं कामही व्हायचं.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण मला वाटायचं सगळ्यांना ठाऊक असेल. तुमच्या तेराव्याला साऱ्या गावच्या बायका आल्या. रडल्या. खोटं नाही रडल्या, आत्याबाई, खरंच रडल्या. आता आमचं कसं व्हायचं म्हणून रडल्या. आणि जाताना आढ्याची जुडी सुटली. एकीनं एक घेतली, दुसरीनं लेकीसाठी घेतली, तिसरीनं अजून लग्न न झालेल्या नातीसाठी. जुडी संपल्यावर बाकीच्या बायका बांधाकडं वळल्या. मी आत भांडी आवरत होते. बाहेर आले तर बांध नांगरल्यासारखा. भर फुलातली झाडं मुळासकट गेली होती आणि माश्या रिकाम्या बांधावर फिरत होत्या. मी कुणाला काय बोलणार? त्यांना भीती वाटली. माझ्यासारखीच.

त्या माघात डेंगळे फुलले पण बांधावर नुसतं वारं. कपारीतलं पोळं रिकामं. चैत्रात गोंडे चोळले तर निम्मे पोचट. मामंजींनी एक गोंडा हातात घेतला, फुंकर मारली, सगळं उडून गेलं, आणि ते आत गेले. तुम्ही गेलात तेव्हासुद्धा ते इतके खचलेले दिसले नव्हते. किंवा तेव्हा मी पाहिलं नसेल.

मग मी बी शोधायला लागले. तुमच्या जुन्या लुगड्याच्या गाठोड्यात चिंधीत बांधलेलं ओंजळभर बी सापडलं आणि मी इतकी आनंदले की सांगता सोय नाही. आणि मग काय केलं ठाऊक आहे? लाड केले त्याचे! कांद्याचं रोप टाकतो तसा गादीवाफा केला, शेणखत घातलं, रोज झारीनं पाणी. आठवड्याभरानं उकरून पाहिलं तर बी बुळबुळीत होऊन कुजलेलं. मी वाफ्याच्या कडेला बसून रडले. तेव्हा मला तिसरा महिना होता. ठकूमावशी म्हणाली, “दिवस गेल्याती म्हनून रडाय येतंय.” तसं नव्हतं. मला वाटलं, तुमची शेवटची वस्तू मी माझ्या हातानं पुरली.

चिंधीच्या शिवणीत थोडं बी अडकलेलं होतं. ते काढलं आणि ह्या वेळी तुमच्यासारखी बांधावर उभी राहिले, मुरमात फेकलं, आणि पाठ फिरवून घरी आले. पाणी घातलं नाही. बघायलाही गेले नाही. खोटं कशाला बोलू, गेले होते. रोज जायचे. पण हात नाही लावला. पावसाची उघडीप झाली आणि दगडाच्या सांदीत कातरलेल्या पानांची रोपं दिसली. एवढीशी, पण आत्तापासूनच बोचरी. मी वाकून एका पानाला बोट लावलं तर टोचलं. मला इतकं बरं वाटलं!

चार झाडं तगली, आत्याबाई. चारच. दिवाळीनंतर त्यांना चेंडू धरले, आधी हिरवे, मग निळसर, आणि एका सकाळी चिंगी धावत आली, “आये, माशी! माशी!” एकच होती. ती ह्या चेंडूवरून त्या चेंडूवर फिरली, पाय पिवळे करून विहिरीकडं गेली. दुसऱ्या दिवशी बऱ्याच आल्या. भित्री सुभद्रा माश्यांत उभी राहून हसत होती, हे तुम्ही पाहायला हवं होतंत.

आता दोनच उरलीत. एक नेलं कोंडाबाईच्या सुनेसाठी. ती सुखरूप सुटली, मुलगा झाला, आणि सगळ्या म्हणाल्या मुळीला गुण आहे. दुसरं नेलं शेवंतासाठी.

शेवंता आठवते ना? शेजारच्या घरातली, लग्नात मेंदीचे हात सगळ्यांना दाखवत फिरणारी. तिची सासू माझ्या पाया पडली, एवढं वयानं मोठं माणूस! मी कसं नाही म्हणणार? झाड उपटून दिलं. शेवंताच्या केसांत मुळी बांधली आणि सगळ्या निवांत बसल्या. मीही बसले. कळा येत होत्या, जात होत्या. शेवंता म्हणाली, “मला न्हाई बरं वाटत, मला कुटंतरी न्या.” सासू म्हणाली, “मुळी बांधलीया, हुईल आता.” ती पुन्हा म्हणाली. ठकूमावशी म्हणाली, “धीर धर.” मग ती म्हणायची थांबली. तिला वाटलं असेल, एवढ्या बायका म्हणतायत तर होईल. गाडी जुंपली तेव्हा ती ओळख देत नव्हती. चाकणही गाठलं नाही, वाटेतच गेली. तिच्या केसांतली मुळी सोडायचीसुद्धा कुणाला आठवण झाली नाही, मी सोडली.

तेव्हापासून मला झोप लागत नाही. डोळे मिटले की शेवंताचं ते ‘मला न्या’ ऐकू येतं. पोटातलं बाळ हललं की भीती, नाही हललं की जास्त भीती. चिंगीची वेणी घालताना मनात येतं, माझ्यामागं हिची वेणी कोण घालेल? सावत्र आई आली तर? तिला माझी आठवण तरी राहील का? चार वर्षांच्या पोरीला काय आठवणार! आणि हे कुणाला सांगावं तर म्हणतात, अशुभ बोलू नये बाळंतपणाच्या तोंडावर.

आता मुळी माझ्या केसांत बांधणार. ठकूमावशी ‘धीर धर’ म्हणणार. आणि मला माझा स्वभाव ठाऊक आहे, मी गप्प बसणार. लोकांना वाईट वाटू नये म्हणून मी मरूनसुद्धा जाईन, आत्याबाई, अशी मी आहे.

तुमच्यावर माझा राग आहे, तोही आज सांगते. तुमच्या पोटात दुखत होतं. दसऱ्यापासून दुखत होतं, हे आम्हाला कधी कळलं? तुम्ही अंथरुणाला खिळल्यावर! पोटाशी गरम वीट घेऊन बसायचात आणि विचारलं की म्हणायचात, “वारा धरलाय.” जेवण कमी झालं तर म्हणायचात उपास आहे. मी म्हटलं होतं, पुण्याला मोठ्या दवाखान्यात दाखवू. तुम्ही म्हणालात, “गप गं, भागूबाई.” साऱ्या गावच्या बायकांना धीर दिलात आणि स्वतःच्या दुखण्याचं एका माणसाला सांगितलं नाहीत. का? भीती वाटत होती ना? मग म्हणायचं होतं! मला म्हणायचं होतं. भीतीच्या बाबतीत माझ्याइतकं जाणतं माणूस ह्या घरात दुसरं कोण होतं?

हे लिहिताना एकदम एक गोष्ट डोळ्यांपुढं आली.

चिंगीच्या वेळी मी आतल्या खोलीत होते. मूल आडवं होतं. तुम्ही माझ्या केसांत मुळी बांधलीत आणि म्हणालात, “आता बग कशी सुटतीस.” मला धीर आला. कळ ओसरली की दाराच्या फटीतून अंगण दिसायचं. आणि अंगणात गाडी उभी होती, आत्याबाई. बैल जुंपलेले, गाडीत पेंढा घातलेला, त्यावर गोधडी. मी विचारलं, गाडी कशाला? तुम्ही म्हणालात, “तुजा मामंजी बाजाराला चाललाय.” मी मानलं. चिंगी झाली, तुमचे हात कोपरापर्यंत भरलेले, तुम्ही भिंतीला टेकून बसलात, आणि तुमचे गुडघे थरथरत होते. मला वाटलं, दमल्या.

पण तो दिवस बाजाराचा नव्हताच! चाकणचा बाजार शनिवारी, आणि चिंगी सोमवारची. म्हणजे ती गाडी माझ्यासाठी होती. मुळी बांधलीत ती मी घाबरू नये म्हणून, आणि गाडी जुंपून ठेवलीत ती तुम्ही स्वतः घाबरला होता म्हणून. तुमचा मुळीवर विश्वास नव्हताच. मग हे आम्हाला सांगितलं का नाहीत? मुळी सगळ्यांनी पाहिली. गाडी कुणीच पाहिली नाही. शेवंताच्या घरच्यांनी मुळी बांधली आणि गाडी राहून गेली.

लिहिता लिहिता पहिली कळ आली. बारीकच, पण चिंगीच्या वेळी अशीच सुरू झाली होती.

मी उठले. पदर डोक्यावर घेतला आणि ओट्यावर गेले. मामंजी दोर वळत होते. मी दाराआड उभी राहिले आणि म्हटलं, “मामंजी.”

त्यांनी इकडं तिकडं पाहिलं. त्यांना वाटलं चिंगी आहे. मग माझ्याकडं पाहिलं आणि दोर हातातून सुटला.

“मामंजी, गाडी जुंपा. मला चाकणला न्या, तिथून यष्टीनं पुण्याच्या दवाखान्यात. मला फार भीती वाटतेय. मी इथं थांबणार नाही.”

एका दमात बोलले. वाटलं, आता म्हणतील, बाईमाणसाला काय शोभतं. ते उठले. त्यांचे डोळे भरून आले होते.

“तिनं येक डाव जरी असं म्हनलं असतं ना पोरी,” ते म्हणाले, “येक डाव जरी...” मग म्हणाले, “जुंपतो. पेंढा घालतो मऊ. तू बस खाली, हुबी ऱ्हाऊ नगंस.”

आणि म्हातारा माणूस धावत गोठ्याकडं गेला. धावत, आत्याबाई!

तेवढ्यात ठकूमावशी आली खुरपं घेऊन. म्हणाली, “ह्ये काय? गाडी कशापाई?”

“मी दवाखान्यात जातेय, मावशी.”

“आनि म्या कशाला हाय मग?” तिचा चेहरा उतरला. “शेवंताचं झालं म्हनून माज्या हाताला आता जस न्हाई, व्हय ना?”

“तुम्हीही चला. मला तुमचा हात धरायला हवाय. वाटेत काही झालं तर तुमच्याशिवाय मी काय करू?”

ती बांधाकडं पाहून म्हणाली, “मुळी तरी काडून घेऊ. वाटंत बांधू.”

“नको. बी अजून हिरवं आहे. माश्या बसल्यात त्याच्यावर.”

“भ्या न्हाई वाटत तुला?”

“वाटतंय. म्हणूनच तर निघालेय.”

तिनं खुरपं दारात टाकलं. “थांब, धड लुगडं नेसून येते,” म्हणाली, “दवाखान्यातल्या बायका काय म्हनतील मला.” आणि गेली लगबगीनं. जाता जाता डोळे पुसत होती. शेवंताचं तिच्याही मनात आहे, मलाच ते आज दिसलं.

आता ती यायची आहे, मामंजी बैलांना पाणी दाखवतायत. ह्यांना पिंपरीला निरोप धाडलाय. चिंगी उठलीय, तिला शेजारी ठेवायचंय आणि ती माझं लुगडं सोडत नाही. दुसरी कळ येऊन गेली. भीती गेली असं समजू नका. दवाखान्याची भीती आहे, रस्त्याच्या धक्क्यांची आहे, पांढऱ्या कपड्यांतल्या अनोळखी माणसांची आहे. मला मरायचं नाही, आत्याबाई. मला चिंगीची वेणी घालायचीय, माघात डेंगळे फुललेले बघायचेत.

जगेन असं वचन मी तुम्हाला देऊ शकत नाही, ते माझ्या हातात नाही. पण आपल्या हातातलं एक देते. दुखलं तर दुखतंय म्हणेन. भीती वाटली तर मोठ्यानं म्हणेन, आणि वेळेवर म्हणेन, कुणाला वाईट वाटलं तरी म्हणेन. परत आले की ह्या गावात मुळी मागायला जी येईल तिला आधी विचारीन, गाडी सांगितलीस का? आणि चिंगीला आताच जवळ घेऊन सांगितलं, भीती वाटली की मोठ्यानं म्हणायचं. तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि म्हणाली, “आये, मला भ्या वाटतंय.”

मी म्हटलं, शाब्बास.

तुमची सून,
सुभद्रा